उत्तर यायला वीस मिनिटं

“हे असं होत नाही, बाई.”

माळगे सरांनी माझ्या हस्तलिखितातलं एकतिसावं प्रकरण टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीची एकेक तिरकी रेघ. आधीच्या तीस प्रकरणांवर त्यांनी समासात मुंगीएवढ्या अक्षरांत काय काय लिहिलं होतं. यानाचं वजन जास्त धरलंय. मंगळावरचा वारा एवढा जोर करत नाही, हवाच विरळ आहे. माणसाला दिवसाला इतकं पाणी पुरणार नाही. ते सगळं मी मुकाट्यानं दुरुस्त केलं होतं. या प्रकरणावर मात्र एक अक्षर नव्हतं. नुसत्या रेघा.

“काय होत नाही, सर?”

“तुमचा कौस्तुभ कुपीत एकटा आहे. डोकं जड झालंय म्हणतो. पृथ्वीवरची माणसं ऐकतात, बिघाड शोधतात, त्याला वाचवतात.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “असं होत नाही.”

“एवढ्या लांबून उत्तर यायला वीस मिनिटं लागतात, तेही लिहिलंय की मी.”

“आकडा लिहिलाय. वीस मिनिटं नाही लिहिली.”

ही गोष्ट २००३ सालच्या मार्चमधली. मी कोल्हापूरला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि चार वर्षं एक कादंबरी लिहीत होते. चार माणसं मंगळावर जातात, त्यांची. त्यात परग्रहावरचे प्राणी नव्हते, किरणांच्या बंदुका नव्हत्या. खरंच माणसं गेली तर काय होईल, तेवढंच मला लिहायचं होतं. माझ्या प्रकाशकांनी पहिला खर्डा वाचून एकच वाक्य म्हटलं होतं, “बाई, यात श्वास घेतल्यासारखं वाटत नाही.” मग कुणीतरी विरूपाक्ष माळगे यांचं नाव सुचवलं. बंद जागेतली हवा शुद्ध ठेवण्याच्या यंत्रांवर त्यांनी परराज्यातल्या एका खाजगी संस्थेत काम केलं होतं. संस्था पुढे बंद पडली. सर तासगावला आले आणि धाकट्या भावाच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधली यंत्रं बघू लागले.

महिन्यातून एका रविवारी मी एसटीनं सांगली आणि तिथून तासगावला जायची. स्टोरेजच्या मागेच त्यांचं घर. पहिल्याच भेटीत एक गोष्ट ध्यानात आली होती. त्या घरात आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं. चौकटी होत्या, बिजागऱ्यांच्या खुणा होत्या, दारं नव्हती. खिडक्या सताड उघड्या. बाहेर बेदाण्याच्या शेडवरून वारा सुटला की गंधकाचा वास आणि धूळ थेट ताटात यायची. गिरिजाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, न बोलता ताटावर ताट झाकायच्या. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “ह्यांना बंद चालत नाही.” एवढंच.

“मग कसं होतं ते सांगा,” मी त्या दिवशी म्हटलं.

“सांगून लिहाल तर ते सांगितल्यासारखंच होईल.” सर उठले. “चला, दाखवतो.”

स्टोरेजच्या टोकाला एक जुनी, वापरात नसलेली खोली होती. तिच्या मधोमध सरांनी जाड फोमच्या पत्र्यांची एक पेटी उभी केली होती. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, उंची माझ्या खांद्यापर्यंत. सांधे रबरानं बुजवलेले. आत एक खुर्ची, भिंतीला बोलण्याची डबी, तिच्यावर बटण, आणि शेजारी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दाखवणारा मीटर.

“तुमच्या कुपीच्या मापाची आहे,” ते म्हणाले.

माझ्या कुपीचं माप मला त्यांनीच सांगितलं होतं, हे मला तेव्हा आठवलं नाही.

“सहा तास बसायचं. काही वाटलं तर बटण दाबून बोलायचं. मी बाहेर ऐकतोय. उत्तर मात्र वीस मिनिटांनी देईन. नियम म्हणजे नियम. दार बंद नाही करत, नुसतं ओढून घेतोय. आतून ढकललं की उघडतं. बघा.” त्यांनी मला आत बसवून ढकलायला लावलं. दार अलगद उघडलं. “आणि बाहेरही मीटर आहे. दोन टक्क्यांच्या वर गेला की मीच उघडणार.”

मी हो म्हटलं. मला सहा तास कुपीत बसून आलेली लेखिका व्हायचं होतं, दुसरं काय.

पुढच्या रविवारी मी वही, पाण्याची बाटली आणि घड्याळ घेऊन गेले. गिरिजाकाकू स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. मी कशाला आलेय हे कळल्यावर त्यांचा हात परातीतच राहिला.

“बसू नका आत,” त्या म्हणाल्या.

“का हो? दार उघडंच असणार आहे.”

“ते माहितीय मला.” त्यांनी ओट्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर सरांच्या पाठीकडे. “नकाच बसू. कशाला बसताय? पुस्तक असंही होईल की.”

मी हसले. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटली नाही.

दहा वाजता सरांनी दार ओढून घेतलं.

पहिले तीन तास मी भराभर लिहिलं. पत्र्याचा वास, स्वतःच्या श्वासाचा आवाज, गुडघे समोरच्या भिंतीला टेकतात ते. मीटरवर शून्य पूर्णांक चार. मला वाटलं, हे फारच सोपं आहे. दीडच्या सुमाराला कपाळात काहीतरी ठुसठुसायला लागलं. जेवले नाही म्हणून असेल, असं मी समजावून घेतलं. दोन वाजता लक्षात आलं की जागेवर बसूनच मला जिना चढल्यासारखी धाप लागलीय. मीटरवर शून्य पूर्णांक चार.

मी बटण दाबलं. “सर, डोकं दुखतंय. श्वासही जरा जोरात होतोय.”

काही उत्तर नाही. बरोबरच होतं. मी घड्याळाकडे बघत बसले. आपण विचारलंय, पलीकडे माणूस आहे, त्यानं ऐकलंय, आणि तो बोलत नाही. पाचव्या मिनिटाला मला राग आला. दहाव्या मिनिटाला वाटलं, त्यांनी ऐकलंच नसेल. पंधराव्याला वाटलं, त्यांनी ऐकलंय आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. वीस मिनिटं झाली तशी डबीतून शांत आवाज आला.

“मीटर ठीक दाखवतोय. बसून राहा.”

आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. कुणीतरी मोठ्या माणसानं पाठीवर हात ठेवावा तसं.

तीनला पाच कमी असताना मी पुन्हा बटण दाबलं. चेहरा तापला होता, कानशिलांत रक्त आपटत होतं. “सर, दुखणं वाढलंय. मीटर बिघडला नसेल ना?” वीस मिनिटांनी तोच आवाज, तेच शब्द. मीटर ठीक दाखवतोय. बसून राहा. मी वहीत काहीतरी लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर ‘ठीक’ हा शब्द अकरा वेळा आहे, आणि शेवटच्या चारांतलं अक्षर माझं वाटतच नाही.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा साडेतीन झाले होते. काय विचारलं ते आठवत नाही. पावणेचारला बटण दाबायला हात उचलला आणि तो मध्येच थांबला, कारण कशासाठी उचललाय तेच सुचेना. समोर हातभर अंतरावर दार होतं. मी त्याच्याकडे बघत होते. ते दार आहे हे मला कळत होतं. पण अजून उत्तर यायचं होतं.

मग दार उघडलं.

गिरिजाकाकू होत्या. हातातला चहाचा कप त्यांनी तिथेच जमिनीवर सोडून दिला होता. दोन्ही खांदे धरून त्यांनी मला बाहेर ओढलं, बेदाण्याच्या खोक्यांपाशी बसवलं, आणि मी ओकले. हवा गार आणि आंबूस होती. मी ती पाण्यासारखी पीत राहिले.

“दार उघडंच होतं, बाई,” काकू माझी पाठ चोळत म्हणाल्या. “ढकललं का नाही तुम्ही?”



सर टेबलापाशी बसलेले होते. समोर बोलण्याची दुसरी डबी, घड्याळ, आणि दुसरा मीटर. त्यावर तीन पूर्णांक एक. ते मीटरकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे घड्याळावर होते.

“परत?” काकू ओरडल्या. “अहो, परत?”

“अजून वीस मिनिटं झाली नव्हती,” सर म्हणाले.

हे त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं.

जरा शुद्ध आल्यावर माझा ताबा सुटला. मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुम्ही आतला मीटर मुद्दाम अडकवलात, दोन टक्क्यांना उघडतो म्हणालात, मी मेले असते.

“नसता मेलात,” सर म्हणाले. “तीन टक्क्यांनी माणूस मरत नाही. त्याच्या हवेत नंतर आठ निघाले होते.”

“कुणाच्या?”

काकू दारातून बाहेर निघून गेल्या. त्यांनी हे आधी ऐकलं होतं. सर बोलत राहिले तेव्हा त्यांची नजर फरशीवर सांडलेल्या चहावर होती.

त्याचं नाव अच्युत लाखे. यवतमाळचा, सत्तावीस वर्षांचा. १९९१ साली संस्थेनं माणूस आत बसवून बहात्तर तासांची चाचणी घेतली. एवढीच पेटी, एकटा माणूस. खऱ्या प्रवासासारखं वाटावं म्हणून नियम केला होता, आतल्या माणसाला उत्तर द्यायचं ते वीस मिनिटांनी. नियम सरांनीच सुचवलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला हवा शुद्ध करणारं रसायन संपलं. मीटर अडकला होता. तो आधीच्या चाचणीतही एकदा अडकला होता. सरांनी तशी नोंद केली होती, पण बदलायला सांगितलं नव्हतं. नवा यायला दोन आठवडे गेले असते.

“तो म्हणाला डोकं दुखतंय. मी मीटर बघितला. मीटर ठीक होता.” त्यांनी टेबलावरचं घड्याळ बाजूला सरकवलं. “दार आतून उघडत होतं, बाई. नुसतं ढकलायचं होतं त्यानं. बारा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की त्यानं ढकललं असतं तर. आज तुम्हाला बघितलं. तुम्हाला तर कुठं जायचंही नव्हतं, कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. तरी तुम्ही नाही ढकललं.”

“किती वेळा विचारलं त्यानं?”

“तीन वेळा.”

“आणि घरच्यांना?”

“झोपेत हृदय बंद पडलं असं संस्थेनं कळवलं. मीच घेऊन गेलो त्याला यवतमाळला. आई होती, मोठी बहीण होती. बहिणीनं विचारलं, त्रास झाला का? मी म्हटलं, नाही. झोपेतच गेला.”

“तुम्ही त्यांना सांगायला हवं.”

“तुम्ही लिहा,” सर म्हणाले. “जसं झालं तसं. लिहिलंत की सांगितल्यासारखंच आहे.”

तसं नसतं, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. खोक्यांपाशी बसल्या बसल्या, तोंडाला ओकारीची चव असताना, ते स्वच्छ कळलं होतं. पण सांगलीच्या गाडीत बसले तोवर माझ्या डोक्यात प्रकरणाचं पहिलं वाक्य तयार झालं होतं. सांगली यायच्या आत दुसरं आणि तिसरं. घरी जाऊन मी एका बैठकीत एकतिसावं प्रकरण लिहिलं. कौस्तुभ तीन वेळा विचारतो. तीन वेळा उत्तर येतं. चौथ्यांदा तो विचारत नाही. प्रकाशकांचा फोन आला, म्हणाले, “बाई, आता श्वास आला.” मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

कादंबरी २००५ च्या दिवाळीच्या आधी निघाली. परीक्षणं चार आली, चारांतही एकतिसाव्या प्रकरणाचं कौतुक. मी आभाराच्या पानावर लिहिलं होतं, ‘तासगावचे श्री. विरूपाक्ष माळगे यांनी बंद कुपीतल्या हवेविषयी जे शिकवलं त्याविना हे पुस्तक झालं नसतं.’ पुस्तकाची प्रत पाठवली तर सरांनी पोस्टकार्ड धाडलं. ‘पोचली. वाचलं. बरोबर आहे.’

जानेवारीत प्रकाशकांमार्फत एक पत्र आलं. निळ्या शाईत, सरळ ओळीत.

‘मी यवतमाळला नर्स आहे. आमच्या वाचनालयात तुमचे पुस्तक आले. आभारात माळगे यांचे नाव वाचले. माझ्या भावाला घेऊन जे गृहस्थ आले होते त्यांचे नाव हेच होते. नंतर एकतिसावे प्रकरण वाचले. चेहरा लाल होणे, धाप, डोकेदुखी, अक्षर बिघडणे. मी रोज रुग्ण पाहते, झोपेत हृदय बंद पडणे कसे असते ते मला माहीत आहे. मला एवढेच विचारायचे आहे, माझ्या भावाने खरेच तीन वेळा विचारले होते का? आई गेल्या वर्षी वारली. तिला झोपेतच गेला एवढेच माहीत होते. कुमुद लाखे.’

ते पत्र मी आठ दिवस जवळ ठेवलं. तीन उत्तरं लिहिली, तिन्ही फाडली. मग तासगावला गेले. सरांनी पत्र वाचलं, घडी घातली, चष्मा काढला.

“कधी निघायचं?” गिरिजाकाकूंनीच विचारलं.

यवतमाळला आम्ही दोघंच गेलो, सर आणि मी. पूर्ण दिवसाचा प्रवास. मधे नांदेडला त्यांनी चहा घेतला. बाकी खिडकीशी बसून, खिडकी उघडी टाकून, ते तोंडावर वारा घेत राहिले. काय सांगणार आहात, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

कुमुदताई पन्नाशीच्या होत्या. रुग्णालयातून नुकत्याच आलेल्या, पांढरी साडी अजून बदललेली नव्हती. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर एका मुलाचा फोटो. केस विंचरलेले, ओठ हसू दाबून धरलेले. सरांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

“बसा न,” त्या म्हणाल्या. पाणी आणून दिलं. मग समोर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. “सांगा.”

सरांनी सांगितलं. रसायन, मीटर, जुनी नोंद, न बदललेला मीटर, वीस मिनिटांचा नियम, तो आपणच सुचवला होता ते. कुठेही आवाज चढला नाही, कुठेही थांबले नाहीत. कुमुदताई ऐकत होत्या. बाहेर कुणाचीतरी सायकल भिंतीला लागून पडली, तरी त्यांनी तिकडे मान वळवली नाही.

“तीन वेळा विचारलं?” त्या म्हणाल्या.

“नाही,” सर म्हणाले. “पाच वेळा.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“बाईंना मी तीन सांगितले. पहिले तीन. डोकं दुखतंय, धाप लागलीय, मीटर बिघडलाय का. चौथ्यांदा विचारलं, दार उघडू का? मी वीस मिनिटं थांबलो आणि म्हटलं, नको. थोडेच तास राहिलेत. चाचणी वाया जाईल.”

कुमुदताईंचे हात मांडीवर होते तसेच होते. बोटं तेवढी एकमेकांत गेली.

“आणि पाचव्यांदा?”



“पाचव्यांदा त्यानं हवेचं काही विचारलं नाही. विचारलं, सर, तुम्ही आहात ना तिथं?”



“तुम्ही उत्तर दिलं?”

“दिलं.”

“कधी?”

“वीस मिनिटांनी.”

“काय म्हणालात?”

“म्हणालो, आहे.” सरांचा चेहरा हळूहळू विरघळल्यासारखा झाला. “आहे, म्हणालो मी. मग परत म्हणालो. मग उठलो.”

कुमुदताई मग उठल्या, सरांच्या हातातला रिकामा पेला घेतला, आत जाऊन धुतला, पालथा घातला. आवाज ऐकू येत होता. बाहेर आल्या तेव्हा डोळे कोरडे होते.

“तुम्ही आता जा,” त्या सरांना म्हणाल्या. “मी तुम्हाला काही म्हणणार नाही. पण पुन्हा येऊ नका.”

सरांनी मान हलवली आणि चपला पायात सरकवून बाहेर पडले. मी मागोमाग निघाले तेव्हा कुमुदताईंनी मला दारात थांबवलं.

“तुमचं पुस्तक पुन्हा छापतील?”

“छापतील कदाचित.”

“तर तिनाचे पाच करा.”

“करते,” मी म्हटलं.

माळगे सर त्यानंतर दोन वर्षांनी गेले. गिरिजाकाकूंनी त्या घराला पुन्हा दारं बसवली, असं कुणीतरी सांगितलं. मी पुढे कधी तासगावला गेले नाही. माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली नाही. प्रकाशकांनी उरलेल्या प्रती रद्दीच्या भावात काढून टाकल्या. ज्या वाचनालयांत ती अजून असेल, तिथे एकतिसाव्या प्रकरणात कौस्तुभ तीनच वेळा विचारतो.

म्हणून हे इथे लिहून ठेवते आहे. त्यानं पाच वेळा विचारलं होतं.